झोनचा नकाशा आणि त्यामागचा हिशेब : धोकादायक क्षेत्र वर्गीकरणाच्या एका सेवेचे परीक्षण

ज्वलनशील वायू किंवा वाफा जमू शकतात अशा जागी विजेची कोणती उपकरणे बसवायची हे ठरवण्याआधी त्या जागेचे वर्गीकरण, म्हणजे स्फोटक मिश्रण कुठे किती वेळा होऊ शकते यानुसार झोनमध्ये विभागणी, करून घ्यावे लागते. सॉल्व्हेंटवर आधारलेली चिकटद्रव्ये आणि वार्निश बनवणाऱ्या ज्या कारखान्यात विद्युत विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे, तिथे हे काम अलीकडेच एका सल्लागार संस्थेकडून करून घेतले. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे स्तुतीबरोबर तक्रारीही आहेत. कामाचे दोन भाग होते. पहिला, संपूर्ण आवाराचे नव्याने वर्गीकरण आणि दुसरा, आधीपासून बसवलेली उपकरणे त्या वर्गीकरणात बसतात की नाही याची तपासणी. पहिला भाग इतका नेटका झाला की दुसरा त्याच संस्थेने केला यावर विश्वास बसू नये.

आमच्याकडे जुना नकाशा होता. त्यात मिश्रण विभागाचे अख्खे दालन, जमिनीपासून छतापर्यंत, लाल रेघांनी भरलेले होते आणि कोपऱ्यात 'झोन १' एवढेच लिहिले होते. केबलचा चर, प्रयोगशाळा आणि बॅटरी चार्जिंगची खोली मात्र कोरी होती. सरसकट सगळेच झोन १ धरले की काळजी मिटली, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि वरवर पाहता त्यात चूक काही दिसत नाही. प्रत्यक्षात काय होते ते देखभाल करणाऱ्याला विचारावे. आठ मीटर उंचीवरचा साधा दिवासुद्धा फ्लेमप्रूफ घ्यावा लागतो, त्याचे झाकण डझनभर बोल्टांनी आवळलेले असते, आणि शिडीवर एका हाताने तोल सांभाळत दिवा बदलणारा माणूस शेवटचे दोन-तीन बोल्ट 'नंतर लावू' म्हणून खिशात ठेवतो. फ्लेमप्रूफ पेटीचे तत्त्वच असे आहे की बाहेरचा वायू आत शिरणार, कधीतरी आत पेटणार, आणि झाकणाच्या अरुंद सांध्यातून बाहेर पडताना ज्वाला इतकी थंड होणार की बाहेरच्या मिश्रणाला ती पेटवू शकणार नाही. दोन बोल्ट कमी असले की तो सांधा उघडतो आणि पेटी नुसती जड उरते. शिवाय सगळीकडे सारखाच लाल रंग असला की खरा धोका कुठे आहे हे कोणालाच कळत नाही.

संस्थेचे दोघे जण तीन दिवस आले होते. पहिल्या दिवशी जुना नकाशा त्यांनी उघडलाही नाही. त्यांनी आधी कच्च्या मालाची यादी मागितली. टोल्युइन, ॲसिटोन, हेक्झेन, इथाइल ॲसिटेट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रयोगशाळेतले डायइथाइल ईथर, अशी ती यादी होती. प्रत्येक द्रवासमोर त्यांनी पाच गोष्टी लिहिल्या : फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला द्रव पेटण्याइतकी वाफ सोडतो ते), स्फोटाची खालची मर्यादा, वाफेची हवेच्या तुलनेत घनता, आपोआप पेट घेण्याचे तापमान आणि वायूगट (ज्वाला किती अरुंद फटीतून पार होते यावरून ठरणारा : टू-ए, टू-बी, टू-सी, क्रमाने अधिक कडक). टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सियस आहे, म्हणजे दालनाच्या नेहमीच्या तापमानाला ते सदैव पेटण्याजोगी वाफ सोडत असते; हवेत त्या वाफेचे प्रमाण जेमतेम १ टक्क्याच्या वर गेले की मिश्रण स्फोटक होते; आणि ती वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असल्यामुळे खाली बसते. या तीन वाक्यांवर पुढचे अर्धे काम उभे राहिले. यादीत साफसफाईसाठी वापरला जाणारा एक जड द्रवही होता. त्याचा फ्लॅश पॉइंट ६० अंशांच्या वर असल्याने तो जिथे थंड स्थितीत हाताळला जातो तिथे त्यांनी झोन दाखवला नाही, पण 'हा द्रव तापवू नये, फवारू नये' अशी अट त्या ओळीतच घातली. फवारला की तुषार होतात आणि फ्लॅश पॉइंटच्या बराच खालीही तुषार पेटतात. ही अट लिहिणारा माणूस कामात मुरलेला आहे, हे मला तिथेच कळले.

या विषयाशी रोजचा संबंध नसलेल्यांसाठी झोनची व्याख्या थोडक्यात सांगतो. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) ६००७९-१०-१ या मानकानुसार, स्फोटक मिश्रण सतत, दीर्घकाळ किंवा वारंवार असते ती जागा झोन ०. नेहमीच्या कामकाजात ते अधूनमधून होण्याची शक्यता असते ती झोन १. आणि नेहमीच्या कामकाजात होण्याची शक्यता नसते, झालेच तर थोडाच वेळ टिकते ती झोन २. गळतीच्या उगमस्थानांचीही तशीच प्रतवारी असते : सतत, प्राथमिक आणि दुय्यम. टाकीच्या आतली, द्रवाच्या वरची पोकळी हे सतत प्रकाराचे ठरलेले उदाहरण. नमुना घेण्याची तोटी प्राथमिक, कारण ती उघडली की वाफ येणारच, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. पंपाचे सील किंवा पाइपचा फ्लँज (बोल्टांनी आवळलेली जोडाची कडा) दुय्यम, कारण तो गळू नये अशीच अपेक्षा असते. सतत म्हणजे झोन ०, प्राथमिक म्हणजे झोन १ आणि दुय्यम म्हणजे झोन २ अशी सरळ जोडी पुष्कळ जण लावतात. ती बऱ्याचदा बरोबरही येते, पण मध्ये वायुवीजन येते आणि ते हा हिशेब दोन्ही बाजूंना फिरवू शकते. हवा चांगली खेळती असेल तर झोन आक्रसतो किंवा सौम्य होतो. हवा कोंडलेली असेल तर दुय्यम गळतीसुद्धा झोन १ किंवा त्याहून वाईट स्थिती निर्माण करते.

याचा प्रत्यय दुसऱ्या दिवशी ड्रम भरण्याच्या जागी आला. दोघांपैकी ज्येष्ठ सल्लागार तिथे जवळजवळ तासभर नुसते उभे होते. कामगार ड्रमच्या तोंडात नळी घालतो, ड्रम भरतो, नळी वर ओढतो, ती बाजूच्या आकड्याला अडकवतो. अडकवताना नळीच्या टोकावरून सात-आठ थेंब फरशीवर पडतात आणि दुसऱ्या ड्रमचे झाकण उघडेपर्यंत वाळून जातात. हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि ते थेंब कधी मोजले नव्हते. त्यांनी मोजले. भरताना ड्रममधली हवा, जी वाफेने गच्च असते, ती तोंडातून बाहेर ढकलली जाते हेही त्यांनी टिपून घेतले; दोनशे लिटरचा ड्रम भरला म्हणजे जवळपास दोनशे लिटर वाफमिश्रित हवा बाहेर आली, हा साधा हिशेब आमच्या जुन्या नकाशात कुठेही नव्हता. मग त्यांनी खिशातून धुराची नळी काढली, रबरी फुगा दाबून पांढऱ्या धुराची एक बारीक रेघ ड्रमच्या तोंडाजवळ सोडली आणि आम्ही सगळे ती रेघ कुठे जाते ते पाहत राहिलो. थोडा धूर एक्झॉस्टच्या तोंडाकडे ओढला गेला. उरलेला ड्रमच्या कडेवरून खाली उतरला, फरशीवरून सरकला आणि तीन मीटरवरच्या केबलच्या चराच्या झाकणाच्या फटीत शिरला.

त्यावर आमच्यातले कोणीच काही बोलले नाही. त्या चरात आमच्या केबलींचे सांधे होते आणि पलीकडच्या टोकाला, भिंतीच्या आडच्या स्विचगियरच्या खोलीत, तो उघडत होता. जुन्या नकाशात चर कोरा होता, कारण चरात गळतीचे उगमस्थान नव्हते. नव्या वर्गीकरणात तो झोन १ आहे, कारण जमिनीखालच्या खळग्यात जड वाफ साचते आणि तिथे हवा पोहोचत नाही. सल्लागारांनी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली की धूर हा टोल्युइनच्या वाफेइतका जड नसतो, त्यामुळे त्यावरून फक्त हवेची दिशा कळते, वाफेचे प्रमाण नव्हे. खरी वाफ याहून अधिकच खाली जाईल. चर वाळूने भरून घ्यावा आणि स्विचगियरच्या भिंतीतून केबल जिथे आत शिरतात ती भोके सीलबंद करावीत, अशी शिफारस त्यांनी त्याच संध्याकाळी तोंडी केली, अहवालाची वाट पाहिली नाही.

ड्रम भरण्याच्या जागेचा निकाल अहवालात ज्या पद्धतीने मांडला आहे, तो मला या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. स्थानिक एक्झॉस्ट चालू असताना ड्रमच्या तोंडाभोवती लहानसा झोन १ आणि त्याभोवती, जमिनीलगत पसरलेला, बेताच्या उंचीचा झोन २ असे चित्र त्यांनी काढले. दालनाचा वरचा भाग वर्गीकरणातून पूर्णपणे मोकळा झाला. पण त्याखालीच ठळक अक्षरांत अट आहे की हे चित्र पंखा चालू असेपर्यंतच खरे आहे. पंखा बंद पडला तर भरण्याचा पंप आपोआप थांबला पाहिजे, आणि पंखा चालू आहे हे मोटरच्या स्टार्टरवरून न ठरवता डक्टमधल्या हवेच्या प्रवाहाच्या स्विचवरून ठरवले पाहिजे, कारण पट्टा तुटला तरी मोटर फिरतच राहते. राखीव पंखा नसल्यामुळे वायुवीजनाची उपलब्धता त्यांनी 'चांगली' न धरता 'बरी' अशीच धरली आणि झोन २ चा परीघ त्याप्रमाणे ठेवला. आमच्या व्यवस्थापनाला तो आणखी लहान हवा होता. राखीव पंखा आणि आपोआप बदलण्याची सोय करा, मग लहान करतो, असे उत्तर मिळाले. वर्गीकरण म्हणजे रंगवलेला कागद नसून पाळायच्या अटींचा करार आहे, ही गोष्ट आमच्या उत्पादन विभागाला त्या दिवशी पहिल्यांदा पटली असावी.

बैठकीत एका अधिकाऱ्याने अपेक्षित प्रश्न विचारला : वर्षातून दहा तासांपेक्षा कमी वेळ वाफ असेल तर झोन २, हजार तासांपर्यंत झोन १, असा नियम आहे ना? मग तास मोजून टाकू. हे आकडे उद्योगात अंदाजापुरते वापरले जातात, पण आयईसीच्या व्याख्येत तास दिलेले नाहीत, आणि जो माणूस नऊ तास व अकरा तास यांच्यात भिंत उभी करतो त्याने गळतीची नोंदवही कधी लिहिलेली नसते, असे सल्लागारांनी अतिशय नम्र शब्दांत सांगितले. इथे मी मनातल्या मनात त्यांना एक गुण जास्त दिला.

गणिताच्या परिशिष्टाबद्दलही लिहायला हवे. दुय्यम गळतीचा झोन किती मीटरचा, हे शेवटी एकाच गृहीतकावर फार अवलंबून असते : गॅस्केट किंवा सील बिघडले तर छिद्र केवढे पडेल? ते क्षेत्रफळ साधारणपणे चौरस मिलिमीटरच्या अंशापासून काही चौरस मिलिमीटरपर्यंत धरले जाते. ते दुप्पट केले की गळतीचा दर दुप्पट होतो आणि नकाशावरची रेघ सरकते. पुष्कळ अहवालांत हा आकडा संगणकाच्या तक्त्यात कुठेतरी दडलेला असतो. इथे प्रत्येक पंपासाठी आणि फ्लँजसाठी तो वेगळ्या रकान्यात आहे आणि शेजारी कारणही आहे; उदाहरणार्थ, सॉल्व्हेंट साठ्याच्या एका जुन्या पंपाचे सील वारंवार बदलावे लागते हे आमच्याच देखभाल नोंदींतून शोधून त्यांनी त्याच्यासाठी मोठे छिद्र धरले. शेजारच्या दुहेरी सीलच्या पंपाला लहान. दोन्ही पंप एकाच पायावर आहेत आणि दोघांचे झोन वेगळे आहेत. हे पाहून आमच्या खरेदी विभागाने तो जुना पंप बदलण्याचा प्रस्ताव आपणहून पुढे आणला, जो मी मांडल्यापासून दोन वर्षे पडून होता.

बॅटरी चार्जिंगची खोली हा या साऱ्याच्या उलट बाजूचा धडा होता. फोर्कलिफ्टच्या शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. हायड्रोजन हवेपेक्षा कितीतरी हलका, त्याची स्फोटक मर्यादा ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांच्या आसपास पसरलेली, आणि त्याला पेटायला लागणारी ऊर्जा सुमारे ०.०२ मिलिज्यूल, प्रोपेनला तिच्या दहापट किंवा अधिक लागते. आमच्या खोलीत एक्झॉस्ट होता, पण तो कमरेच्या उंचीवर होता. कोणीतरी सॉल्व्हेंटच्या दालनाचा नमुना डोळे मिटून इथे उतरवला असावा. छताखाली तुळयांमध्ये दोन आंधळे कप्पे होते आणि त्यांतल्या एकात साधी ट्यूबलाइट लावलेली होती. इथे वर्गीकरण वाढवत नेण्यापेक्षा वायुवीजन सुधारणे शहाणपणाचे, हा त्यांचा सल्ला मला योग्य वाटला. छताच्या सर्वांत उंच बिंदूतून हवा बाहेर काढा, खालून ताजी हवा आत येऊ द्या, दिवा त्या कप्प्यातून खाली घ्या, आणि पंखा बंद असेल तर चार्जर चालू होऊ देऊ नका. एवढे केल्यावर धोक्याचा भाग बॅटरीच्या व्हेंटलगतच्या थोड्या जागेपुरता उरतो असे त्यांनी गणिताने दाखवले.

प्रयोगशाळेत सापडलेली चूक आमची होती आणि ती कबूल करायला हवी. तापमान वर्ग म्हणजे उपकरणाचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापेल त्याची हमी : टी१ ला ४५० अंश, टी२ ला ३००, टी३ ला २००, टी४ ला १३५, टी५ ला १०० आणि टी६ ला ८५. हेक्झेन सुमारे २२५ अंशांना आपोआप पेटते, म्हणून आमच्या सगळ्या खरेदीत टी३ हा शब्द वर्षानुवर्षे पाठ केल्यासारखा लिहिला जात होता. डायइथाइल ईथर मात्र २०० अंशांच्या खालीच पेटते. त्याला टी४ लागतो. ईथरच्या कपाटासमोर टी३ चा दिवा होता, पूर्णपणे प्रमाणित, पूर्णपणे फ्लेमप्रूफ आणि तिथे चुकीचा. ठिणगी कोंडून ठेवली म्हणजे झाले असे समजणाऱ्यांना हे उदाहरण दाखवावे, कारण इथे ठिणगीची गरजच नाही. गरम काच पुरेशी आहे. वायूगट आणि तापमान वर्ग एकमेकांच्या मागे चालत नाहीत हेही यात आलेच. हायड्रोजन सर्वांत कडक टू-सी गटात आहे, कारण त्याची ज्वाला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अरुंद फटीतूनही पार होते. पण त्याचे आपोआप पेटण्याचे तापमान ५६० अंशांच्या जवळ असल्याने त्याला टी१ चालतो. ईथर टू-बी गटात, म्हणजे फटीच्या बाबतीत त्याहून सौम्य, आणि उष्णतेच्या बाबतीत कडक.

एका यंत्रावर उत्तर अमेरिकन पद्धतीची पाटी होती : क्लास वन, डिव्हिजन टू, ग्रुप डी. डिव्हिजन टू म्हणजे झोन २, ग्रुप डी म्हणजे साधारण टू-ए, असे भाषांतर करून पुढे जाता आले असते. त्यांनी तसे केले नाही. त्या पद्धतीत गटांची अक्षरे उलट्या क्रमाने जातात, ॲसिटिलीन ए मध्ये आणि प्रोपेन डी मध्ये; केबल आत घेण्याची आणि सील करण्याची रीतही वेगळी असते; म्हणून यंत्र ज्या पद्धतीने प्रमाणित आहे त्याच पद्धतीने ते जोडलेले असले पाहिजे, असे लिहून त्यांनी उत्पादकाचे कागद मागवले. मूळ नळीमार्गाऐवजी आमच्या माणसांनी तिथे आपले नेहमीचे ग्लँड (केबल पेटीत घट्ट धरणारे जोड) लावले होते, हे त्यातून निष्पन्न झाले.

नकाशांबद्दल एकच सांगतो. नुसत्या वरून पाहिलेल्या आराखड्याऐवजी प्रत्येक जागेचा उभा छेदही त्यांनी दिला. जड वाफेचा झोन बुटका आणि पसरट असतो. तो वरून पाहिला तर सगळे दालन भरलेले दिसते आणि बाजूने पाहिला तर गुडघ्यापर्यंत आलेल्या पाण्यासारखा दिसतो. हा छेद दाखवल्यावर उंचावरच्या दिव्यांचा वाद पाच मिनिटांत संपला.

आता तक्रारी. बसवलेल्या उपकरणांच्या तपासणीसाठी संस्थेने वेगळा, तरुण तंत्रज्ञ पाठवला. त्याने दोन दिवसांत सव्वातीनशे उपकरणांच्या पाट्यांचे फोटो काढले आणि बहुतेकांपुढे 'एफएलपी (फ्लेमप्रूफ), योग्य' असा शेरा मारला. मी त्यातली तीस उपकरणे निवडून स्वतः उघडली. एका जंक्शन बॉक्सच्या न वापरलेल्या तोंडात प्लॅस्टिकचे बूच होते, जे वाहतुकीत धूळ जाऊ नये म्हणून येते; तिथे प्रमाणित धातूचे बूच हवे. दुसऱ्या पेटीच्या सांध्यावर कोणीतरी गंज लागू नये म्हणून रंगाचा हात फिरवला होता. तिसरी टू-बी गटाची पेटी लोखंडी खांबाला इतकी चिकटून होती की तिच्या फ्लँजच्या सांध्यासमोर जेमतेम १५ मिलिमीटर जागा होती, आणि या गटासाठी आयईसी ६००७९-१४ किमान ३० मिलिमीटर मोकळी जागा मागते, नाहीतर बाहेर येणारी तप्त झुळूक अडते व ज्वाला थंड होण्याची योजना फसते. यातले काहीही फोटोत दिसत नाही. तपासणीच्या तीन पातळ्या असतात : नुसती नजरेने, जवळून, आणि पेटी उघडून सविस्तर. पैसे तिसरीचे घेऊन काम पहिलीचे झाले, ही माझी मुख्य तक्रार आहे.

त्याहून मला खटकले ते प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी असलेल्या 'एक्स' या अक्षराकडे झालेले दुर्लक्ष. ते अक्षर म्हणजे वापराच्या खास अटी प्रमाणपत्रात लिहिल्या आहेत असा इशारा असतो. आमच्या अकरा उपकरणांवर ते आहे आणि त्यांतल्या एकाचेही प्रमाणपत्र त्या तंत्रज्ञाने मागितले नाही. सुकवणीच्या भट्टीशेजारच्या दोन मोटरींचाही असाच प्रकार. पाटीवर वेगळे काही लिहिलेले नसेल तर उपकरण उणे २० ते ४० अंश परिसरासाठीच प्रमाणित असते. त्या भट्टीशेजारी आमचा थर्मामीटर दुपारी ४८ दाखवतो. म्हणजे पाटीवरचा टी४ तिथे खरा आहे की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि अहवालात तिथेही 'योग्य' असाच शेरा आहे.

या तक्रारी मी लेखी कळवल्या. ज्येष्ठ सल्लागारांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला, त्यांनी सबब सांगितली नाही, आणि तपासणीचा भाग नव्या माणसाकडून पुन्हा करून देण्याचे मान्य केले. ते काम झाले, या वेळी हातात पाना आणि फटी मोजायचे फीलर गेज असलेला माणूस आला आणि त्याने माझ्या तीस पेट्यांव्यतिरिक्त आणखी सतरा दोष काढले. अकरांपैकी आठ प्रमाणपत्रे मिळाली आहेत. भट्टीशेजारच्या मोटरींचा प्रश्न मात्र अजून उत्पादकाच्या उत्तरावर अडलेला आहे.

अहवाल जाड आहे आणि रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनच्या तो उपयोगाचा नाही. प्रत्येक विभागाच्या दारावर लावता येईल असे एक पान, त्यावर उभा छेद, वायूगट, तापमान वर्ग आणि 'पंखा बंद तर काम बंद' यांसारख्या अटी, एवढे आम्ही मागितल्यावर मिळाले. न मागता मिळायला हवे होते. फोर्कलिफ्ट, हातातला मोबाइल, टॉर्च आणि वेल्डिंगचा परवाना यांनाही तेच झोन लागू असतात, ही ओळ त्या पानावर आम्ही आमच्याकडून घातली.

या संस्थेला मी पुन्हा बोलावीन का? वर्गीकरणासाठी निःशंकपणे, आणि तेही त्याच ज्येष्ठ सल्लागारांच्या नावाची अट करारात घालून. तपासणीसाठी बोलावले तर कोणत्या उपकरणांच्या पेट्या उघडायच्या, त्यांची यादी आधी मी देईन आणि काम चालू असताना आमचा एक माणूस शेजारी उभा ठेवीन. ज्यांच्याकडे एक-दोन साठवण टाक्या आणि एखादा पंप एवढाच मामला आहे, त्यांना इतके सविस्तर गणित लागणार नाही; तयार उदाहरणांवरून काढलेला नकाशा त्यांना पुरेल. मिश्रण, भरणे, प्रयोगशाळा, बॅटरी असे सगळे एका छपराखाली असेल तर मात्र नकाशा काढणाऱ्याने ड्रमशेजारी तासभर उभे राहिले का, हे आधी विचारून घ्यावे.

चर वाळूने भरून झाला आहे. भिंतीतली भोके बंद झाली आहेत. सुधारित नकाशात तो चर आता कोरा होईल अशी आमच्यातल्या काहींची अपेक्षा होती. तो पूर्वीसारखाच रेघांनी भरलेला आला आहे, आणि शेजारच्या रकान्यात लिहिले आहे की केबल टाकण्यासाठी वाळू काढली जाते तेव्हा तो पुन्हा चरच असतो.